तात्यांच्या विहिरीतला खडा आणि इथली चांदी

फ्रायबेर्ग, जर्मनी

तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार.

तात्यांच्या विहिरीत निघालेल्या खड्याचा फोटो पोचला. तात्या त्याला चांदी समजून बसलेत आणि तुम्ही तो मुशीत घालून बघणार, असं आई फोनवर म्हणाली. तेवढं करू नका, त्यासाठीच हे पत्र.

आपल्या अंबडकडचा काळा दगड म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाणी झिरपत गेलं आणि झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे, मोतिया झाकेचे खडे जमले. तात्यांचा खडा मला त्यातलाच वाटतो. त्यात चांदी नाही.

दगडातली चांदी कशी असते ते मी इथं पाहिलं, आणि खरं सांगतो, तेव्हा तुम्ही शेजारी हवे होतात. तुमच्या हातात चांदी आली ती वीट म्हणून, नाहीतर जुन्या दागिन्यांची मोड म्हणून. इथं सरांनी स्टर्नबर्गाइट नावाचं दुर्मीळ खनिज सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रंग पितळी-तपकिरी, कुठं कुठं निळसर झाक. चांदी म्हणून कोणी हात लावणार नाही! सुईच्या टोकानं एक पापुद्रा उचलला तर तो वर्खासारखा वाकला, तुटला नाही. इतकं मऊ की नखानं ओरखडा उठतो आणि कागदावर घासलं तर रेघ उमटते. पण शंभर ग्रॅम शुद्ध खनिजात जवळजवळ ३४ ग्रॅम चांदी असते. बाकी लोखंड आणि गंधक. पैंजण काळे पडले की तुम्ही रिठ्यानं धुता, ते काळेपण गंधकाचंच. इथं तोच गंधक जमिनीच्या पोटातच चांदीला बिलगलाय.

याच तीन घटकांचं, अगदी याच प्रमाणातलं आणखी एक खनिज आहे, अर्जेंटोपायराइट. फक्त आतली रचना वेगळी, तर ते याच्यापेक्षा बरंच टणक. मला हे अजूनही नवल वाटतं.

दोन्ही पहिल्यांदा सापडली ती इथून डोंगर ओलांडून चेक देशातल्या याखिमोव्हला. तिथं १५१६ च्या सुमारास चांदीच्या खाणी सुरू झाल्या. मादाम क्युरींनी ज्या खनिजातून रेडियम शोधलं, तेही याच गावचं. स्टर्नबर्गाइटचं वर्णन १८२७ मध्ये हायडिंगर यांनी केलं आणि प्रागचं राष्ट्रीय संग्रहालय उभारणाऱ्या काउंट स्टर्नबर्ग यांचं नाव त्याला दिलं. जर्मनीच्या बाजूला श्नेबेर्ग, योहानगेओर्गेनश्टाट इथंही ते मिळालंय. या डोंगरांतल्या भेगांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी वर चढलं, ते निवत आलं तेव्हा शेवटी शेवटी ही चांदीची खनिजं बसली. आपल्या लाव्ह्याच्या थरांत अशा चांदीच्या शिरा नाहीत, म्हणून तात्यांनी विहीर आणखी खोल करायचा खर्च चांदीच्या आशेनं करू नये. पाण्यासाठी करायचा तर तो वेगळा विचार.

खडा मात्र टाकून देऊ नका. संभाजीनगरकडचे असे खडे जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेले असतात. तेजाब लावू नका, त्यानं तो खराब होईल. साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. शेजारी रुपयाचं नाणं ठेवून उन्हात दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, सरांना दाखवतो.

आईला, तात्यांना नमस्कार. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
बाळू