काकाजी, अँप्लिफायर मस्त वाजून राहिला

काकाजी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, पण तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथे लिहून राहिलो. आणि हे चारचौघांत लिहायचं कारण असं की तुमच्या दुकानात तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषयच बदलता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी वाल्व्हचा (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी) प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारा भाग, आणि हेडफोन अँप्लिफायर असा एकच डबा किटमधून बनवला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, रेझिस्टर, कॅपॅसिटर सगळं सुटं येते आणि आपण सोल्डर करायचं. आमच्या गावात याच्याबद्दल विचारायचं कोणाला? तालुक्याला काकाजींचं दुकान आहे, तिथे आता मिक्सर, पंखे आणि मोटरचे स्टार्टर येतात, पण एकेकाळी आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतले वाल्व्हचे रेडिओ त्यांच्याच टेबलावर दुरुस्त व्हायचे. मी डबा घेऊन गेलो तर त्यांनी त्यातला ६०८० नंबरचा वाल्व्ह हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हा तर पॉवर सप्लायच्या रेग्युलेटरचा वाल्व्ह आहे बाबू, याला गाण्यात कोणी आणलं?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं, की याच्यातून करंट भरपूर जाते आणि कॅथोड फॉलोअर (कॅथोडवरून सिग्नल बाहेर काढायची जोडणी) केला की याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नल बाहेर देतानाचा अडथळा, कमी राहते, म्हणून हा हेडफोन ओढू शकते. मॅन्युअलची पानंच्या पानं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तुमच्या दोन वाक्यांत शिरलं काकाजी.

वाल्व्ह चालते कसा हे तुम्ही पाटाच्या पाण्यावरून सांगितलं होतं. कॅथोड म्हणजे विहीर, प्लेट म्हणजे वावर, मधातली ग्रिड म्हणजे पाटातली फळी, फळी जराशी हलवली की खाली पाण्यात मोठा फरक पडते. डब्यातल्या दुसऱ्या वाल्व्हमध्ये, १२एयू७ मध्ये, हेच होते, ग्रिडवर छोटासा सिग्नल आणि प्लेटवर त्याच्या कितीतरी पट. शेतकऱ्याच्या पोराला याच्याहून सोपं काय सांगणार.

तुम्ही माझ्या हातात लगेच सोल्डरिंग आयर्न नाही दिली हे फार चांगलं केलं. आधी एकेक रेझिस्टर मीटरवर मोजायला लावला, कारण पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर तपकिरी आणि लाल रंग ट्यूबलाइटच्या उजेडात सारखेच दिसतात. मग हीटरच्या (वाल्व्हला आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरी एकमेकींत घट्ट पिळून चेसिसच्या, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याच्या, कोपऱ्याला चिकटवून न्यायला सांगितल्या, कारण ६०८० चा हीटर एकटाच ६.३ व्होल्टवर २.५ अँपिअर खाते आणि तेवढा एसी ग्रिडच्या वायरीजवळून गेला की कानात घूंऽऽ आलीच म्हणून समजा. ती पिळलेली वायर तुम्ही बोटांनी दाबून पाहिली होती, आणि जिथे सैल वाटली तिथून पूर्ण उकलून परत पिळली. कोणाला दिसणार नाही अशा जागी एवढी मेहनत घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

आणि सिरीजचा बल्ब! पहिल्यांदा करंट देताना तुम्ही थेट बोर्डात पिन घालूच दिली नाही, १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावला, म्हणजे करंट बल्बातून होऊनच डब्यात जाते. बल्ब आधी चांगला पेटला, कारण हीटर थंड असते आणि कॅपॅसिटर रिकामे, मग हळूहळू मंद होत गेला, आणि तुम्ही म्हणाले, "बसला. शॉर्ट असता तर असाच लखलखत राहिला असता." मग डावा हात खिशात आणि उजव्या हातात मीटरचा एकच प्रोब, दुसरा क्लिपने चेसिसला. बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये दीडशेच्या वर डीसी बसून राहू शकते आणि ते जीव घेऊ शकते, हे तुम्ही एवढ्या गंभीरपणे सांगितलं की आता डबा उघडायचा झाला तर आधी रेझिस्टर लावून कॅपॅसिटर रिकामा करतो, मीटर शून्य दाखवते का ते पाहतो, तेव्हाच हात घालतो. जो कोणी हे वाचून किट मागवायचं म्हणत असेल त्याने एवढं तरी पक्कं ध्यानात ठेवावं, आणि शेजारी जाणता माणूस असल्याशिवाय पहिला स्विच दाबू नये.

हेडफोनचं पण तसंच. घरचा ३२ ओहमचा इअरफोन लावून ऐकलं तर तबल्याचा बायाच गायब. तुम्ही कागदावर हिशोब करून दाखवला, आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ३२ ओहमवर ५० हर्ट्झपासूनच खाली आवाज पडायला लागते, ३०० ओहमचा हेडफोन असला तर तीच हद्द ५ हर्ट्झच्या आसपास जाते. ज्याच्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही त्याला जास्त ओहमचाच हेडफोन पाहिजे. पैसे जमवून तसाच घेतला आणि बाया परत आला.

पण सगळ्यात मोठे उपकार म्हणजे तुम्ही उन्हातान्हात आमच्या घरी आले ते. दुकानात साफ वाजणारा डबा आमच्याकडे गुणगुणत होता. तुम्ही डबा उघडलाच नाही, आधी भिंतीतलं सॉकेट तपासलं, तिसऱ्या भोकात अर्थिंगच नव्हती. मग गडी बोलवून विहिरीजवळ खड्डा खणून घेतला, कोळसा, मीठ, जीआय पाइप, वरून पाणी, आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की त्यात बादलीभर पाणी टाकत जा हे आईला बजावून सांगितलं. फेज आणि अर्थिंगमध्ये मीटरवर नीट व्होल्टेज दिसलं तेव्हाच उठले. गुणगुण गेली, आणि घरातला फ्रिज, कूलर, सगळंच सुरक्षित झालं. शेतातल्या मोटरी चालू असल्या की आमच्याकडे १९० व्होल्ट आणि रात्री त्या बंद झाल्या की २५० च्या वर, म्हणजे ६.३ चा हीटर कधी ५.२ वर तर कधी ६.८ च्याही पुढे, म्हणून स्टॅबिलायझरशिवाय लावायचा नाही हे पण तुम्हीच सांगितलं.

आता रात्री वसंतराव देशपांडे ऐकतो, आपल्या मूर्तिजापूरचे. तान घेताना मधातच त्यांचा श्वास ऐकू येते काकाजी, तंबोऱ्याची तार वेगळी, पेटी वेगळी. मन भरून येते.

तुम्ही मजुरी घेतली नाही, सोल्डरचे पैसे पण घेतले नाही. घरची तूर भरडून झाली की डाळ घेऊन येतो, ती परत पाठवू नका, काकूंना आधीच सांगून ठेवलं आहे. डबा, हेडफोन आणि स्टॅबिलायझर पण सोबत आणतो. वसंतराव लावून देतो, दुकानाचं शटर अर्धं ओढून निवांत ऐका.

तुमचाच,
स्टार्टर घेऊन येणाऱ्या पाटलाचा लहाना