भैय्याच्या नोकरीचं, जरा सविस्तर

ती. अप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर आवाज चढतो आणि बोलणं राहून जातं, म्हणून लिहितोय. आई, तूच वाचून दाखव. अप्पांनी चष्म्याचा नंबर अजून बदलला नसेलच.

महावितरणमध्ये ‘आतून’ लावून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला एक रुपया देऊ नका, मग तो पाहुण्यांतला का असेना. विद्युत सहायकाच्या भरतीची जाहिरात येते, ऑनलाइन परीक्षा होते, यादी लागते. मागे 5347 जागा निघाल्या होत्या. त्यात पहिल्या वर्षी महिना 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000, तिसऱ्या वर्षी 17,000, आणि कायम करायचं ते त्यानंतर. एवढ्यासाठी तुम्ही म्हैस आणि विहिरीकडचा तुकडा विकायला निघालात? भैय्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे, त्यानं परीक्षा जरूर द्यावी, फॉर्मचे पैसे मी भरतो.

दुसरं, त्याला माझ्याकडे चाकणला पाठवायचं. पाठवा, खोलीत जागा आहे. पण ठेकेदाराकडे नव्या पोराला इलेक्ट्रिशियन म्हणून कोणी घेत नाही. हेल्पर म्हणून लाइनवर बोल्ट आवळायला उभं करतात आणि काही महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात. खोली, मेस, बस जाऊन उरतं ते घरी पाठवण्याजोगं नसतं, आणि आयटीआयत शिकलेलं मात्र विसरायला होतं. माझं बरं चाललंय ते अप्रेंटिसशिप चांगल्या जागी झाली म्हणून. सुरतच्या मामांकडेही काम मिळेल, पण लूमवर, कापड विणायच्या मागावर. मग दोन वर्षं वायरिंग कशाला शिकला?

आपल्याकडे काही नाही असं तुम्ही म्हणता, ते अर्धंच खरं. ठरल्या तारखेला पगार देणारं काम कमी आहे, हे मान्य. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल आहेत, चटईचे, पाइपचे कारखाने आहेत. पण मेंटेनन्सला त्यांना अनुभवी माणूस लागतो, आणि नवख्याला देतात त्यात चोपड्याहून जाणं-येणं परवडत नाही. पण आपल्या तालुक्यात मोटरी जळायच्या थांबल्यात का? मे महिन्यात केळीचं पाणी तुटलं की शेतकरी रात्री अकराला दार वाजवतो.

दिवाळीत मी अडावदला, भैय्या मोटरी भरायला जातो त्या दुकानात जाऊन बसलो होतो. जळालेली सबमर्सिबल मोटर खोललेली होती. त्यानं जुनी वायर ओढून फेकली नाही. आधी एक कॉइल सोडवून वेढे मोजले, वायरचा गेज, म्हणजे जाडी पाहिली, जोडणी कशी होती ते वहीत काढलं, आणि मगच बाकीची कापली. मालक मला म्हणाला, बाकीची पोरं अंदाजानं भरतात, मग मोटर आठवड्यात परत येते. अप्पा, तुम्ही ज्याला ‘दुकानात टाइमपास’ म्हणता ते हे.

त्यात आता सौर पंप आले. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकरी पंपाच्या किमतीच्या 10 टक्के भरतो (एससी-एसटीला 5) आणि पुढची 5 वर्षं दुरुस्ती पंप बसवणाऱ्या कंपनीच्या गळ्यात. कंट्रोलर बंद पडला की कंपनी दर वेळी पुण्याहून माणूस कुठून पाठवणार? तिला तालुक्यातलाच पोरगा धरावा लागतो. सावदा-रावेरकडे केळीचे कोल्ड स्टोरेज आणि केळी पिकवायचे रायपनिंग चेंबर आहेत, पण ते एसी-रेफ्रिजरेशनचं काम, ते त्याला अजून येत नाही.

माझ्या मते आधी भुसावळला रेल्वेत अप्रेंटिस करावी. त्याला परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते, आणि मार्क त्याला माझ्यापेक्षा बरे आहेत. पुढे नोकरी मिळेलच असं नाही, पण रेल्वेच्या लेव्हल 1, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांना राखीव असतात. राहायला आत्या आहेच. नंबर नाही लागला तर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचीही जाहिरात बघत राहावी. सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षणात आयटीआयवाल्याला महिना 8,000 मिळतात, पण मुदत संपली की पोरगा परत ओट्यावर. बायोडाटात लिहायला बरं, एवढंच.

आई, तुझी खरी काळजी वेगळी आहे, मला ठाऊक आहे. ‘पर्मनंट’ नसेल तर पोरगी कोण देणार? आपल्या समाजात मोटर भरणाऱ्याला दहा हजाराच्या कारकुनाइतकाही मान नाही. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण शेत विकून घेतलेली नोकरी हातून गेली, तर त्यानंतर कोण देणार हेही बघ.

भैय्याला म्हणावं, अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदव. आणि आधी आधार व मार्कशीटवरचं नाव एक आहे का ते बघ. आधारवर अप्पांच्या नावापुढे ‘भाऊ’ लागलंय, मार्कशीटवर नाही. फॉर्म त्याच्यावरच अडतो. दुरुस्ती चोपड्याला होते, सकाळी लवकर जाऊ दे.

तुमचा,
संदीप