मृदा आरोग्य पत्रिकेत कॅडमियमचा रकाना हवा

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

साहेब, आमची जमीन पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेच्या काठावर आहे. रब्बीत गहू आणि थोडी ज्वारी. मातीचा नमुना दिला, मृदा आरोग्य पत्रिका हाती आली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, सामू असे एकूण बारा रकाने. कॅडमियम, शिसे, क्रोमियम हे विषारी जड धातू कुठेच नाहीत. अख्ख्या शहराचे सांडपाणी ज्या नदीला मिळते, तिच्या पाण्यावर भिजणाऱ्या मातीत नेमके हेच बघायला हवे ना?

पीक पिवळे पडले तर आम्ही लगेच धावतो. कॅडमियम थोडे असले तर गहू हिरवागार उभा राहतो, ओंब्या भरतात, उतारा नेहमीसारखा पडतो आणि धातू दाण्यात जाऊन बसतो. जस्त, लोह ज्या वाटांनी मुळांत शिरतात त्याच वाटांनी तो शिरतो. जमिनीत जस्त कमी असले की त्याचे आणखी फावते. शेवयांचा बन्सी गहू तर चपातीच्या गव्हापेक्षा तो जास्त ओढतो. आमची काळी, विम्ल (अल्कधर्मी) जमीन धातू बरेचसे धरून ठेवते हे खरे, पण आत किती साठले ते मोजल्याशिवाय कसे कळणार?

जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यातले कॅडमियम भातात उतरले. हाडे ठिसूळ झालेल्या बाया ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, म्हणत विव्हळत. तेच त्या आजाराचे नाव पडले. १९६८ मध्ये सरकारने कारण मान्य केले. शेतांतली माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले.

आपल्याकडे शहरी कचऱ्याच्या कंपोस्ट खताला खत नियंत्रण आदेशात किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. मग ते खत ज्या मातीत पडते तिच्या पत्रिकेत एक रकाना का नसावा?

सगळ्या राज्यात नको, निदान सांडपाण्यावरच्या आणि औद्योगिक वसाहतींच्या खालच्या गावांत माती आणि धान्य दोन्ही तपासा. आणि साहेब, अहवाल वाईट निघाला तर आमच्या मालाला व्यापारी हात लावणार नाही, ही भीती प्रत्येक घरात आहे. म्हणून नुकसानभरपाई, जस्ताची मात्रा आणि कमी धातू ओढणारे वाण यांचा निर्णय तपासणीआधीच जाहीर करा. तेवढे झाले तर पुढच्या पेरणीआधी पहिला नमुना मी माझ्या शेतातला आणून देईन.

आपला,
मुळा-मुठेकाठचा एक शेतकरी