सगळ्या डब्यांवर एकच शिक्का नको

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिममध्ये जाणाऱ्या मुलांच्या पावडरींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. मुलांबद्दलची काळजी त्यात जागोजागी दिसते. पण प्रोटीन, क्रिएटिन, वजन वाढवणारे गेनर आणि चोरून टोचून घेतली जाणारी स्टेरॉइड्स, सगळ्यांना एका ओळीत उभे करून ‘हे विष आहे’ म्हणत विषय मिटवला, ते मला पटले नाही. बडोद्यातल्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली. नव्याने वजने उचलू लागलेली, रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

विष म्हणून मोठी माणसे मोकळी झाली, की मुलगा घरात विचारायचेच बंद करतो. मग उत्तर द्यायला एकच माणूस उरतो, जिमच्या काउंटरमागचा. स्क्वॅट (बैठका) शिकवणारा तोच आणि डबा विकणाराही तोच. जुम्मादादा व्यायाममंदिर ज्या गावात १८८० पासून आहे, तिथल्या जुन्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. तालमीत खुराकाची चौकशी वस्तादच करायचे. दूध किती पितोस, रात्री नीट जेवलास का, हे विचारून त्यांच्या पदरात काही पडत नसे. आज पहिल्याच दिवशी व्हे (दुधाच्या प्रोटीनची पूड), गेनर आणि क्रिएटिन असा तिहेरी संच मुलाच्या हातात ठेवतात, आणि त्याला अजून साधी बैठकही नीट जमत नसते.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत उचलले जाणारे वजन भराभर वाढते. स्नायू तेवढे वाढलेले नसतात. मेंदू आणि नसा आहेत त्याच स्नायूंना एकजुटीने कामाला लावायला शिकलेल्या असतात. हे रोजच्या घरच्या जेवणावरही होते. श्रेय मात्र त्याच आठवड्यात उघडलेल्या डब्याला मिळते, आणि मग तो डबा सुटत नाही.

आता क्रिएटिन, ज्याची भीती सर्वांत जास्त आणि माहिती सर्वांत कमी. ते स्टेरॉइड नाही, संप्रेरकही नाही. १८३२ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळे काढले. आपले यकृत आणि मूत्रपिंडे रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन स्वतः तयार करतात आणि त्यातले सुमारे ९५ टक्के स्नायूंत साठते. जोरात, थोड्या वेळाचे काम करताना स्नायूतली ऊर्जा काही सेकंदांत संपते. ती लगेच भरून द्यायचे काम हा साठा करतो. म्हणून एका सेटमध्ये आणखी एखाद-दोन वेळा वजन उचलता येते. एवढाच त्याचा उपयोग, पण तो खरा आहे आणि भरपूर अभ्यासला गेलेला आहे. अन्नातून क्रिएटिन मिळते ते मुख्यतः मांस-मासळीतून. त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी मुलांचा साठा मुळात कमी असतो आणि त्यांना फरकही जास्त जाणवू शकतो.

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला तीन ते पाच ग्रॅम पुरतात. पहिल्या आठवड्यात रोज वीस ग्रॅम घेऊन साठा लवकर भरता येतो, पण त्याची गरज नाही. तीन ग्रॅम रोज घेतले तरी चारेक आठवड्यांत साठा भरतो, आणि पोटही बिघडत नाही. तीन ग्रॅमच्या हिशेबाने अडीचशे ग्रॅमचा डबा अडीच महिन्यांहून अधिक चालतो. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यावे. त्याहून महागडे प्रकार अधिक चांगले असल्याचे सिद्ध झालेले नाही. सुरुवातीला वजन एक-दोन किलो वाढते, ते स्नायूंत धरलेल्या पाण्याचे असते.

माझ्या टेबलावर येणारी भीती मात्र वेगळीच होती. क्रिएटिनपासून शरीरात क्रिएटिनिन बनते, आणि मूत्रपिंड कसे चालते याचा अंदाज आम्ही रक्तातल्या याच क्रिएटिनिनवरून बांधतो. पिकरेट नावाचे रसायन मिसळले की नमुना नारिंगी होतो आणि रंग जितका गडद तितका आकडा मोठा. आकडा कशामुळे वाढला, हे त्या रंगाला सांगता येत नाही. पिळदार शरीर, आदल्या रात्रीचे मटण, क्रिएटिनचा चमचा, यांतल्या कशानेही तो पुरुषांच्या १.२-१.३ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या मर्यादेच्या किंचित वर जाऊ शकतो. रिपोर्टवर लाल खूण दिसली, की घरात रडारड. तेव्हा तपासणीला जाताना ‘मी क्रिएटिन घेतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. मग ते सिस्टॅटिन सी (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची दुसरी चाचणी) आणि लघवीतले प्रोटीन पाहून खरी परिस्थिती ठरवू शकतात. निरोगी लोकांत शिफारशीच्या प्रमाणात क्रिएटिनमुळे मूत्रपिंड बिघडल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. पण ज्याला मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांनी तर थांबावेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोटीनची गोष्ट साधी आहे, कारण ते अन्नच आहे. व्हे म्हणजे दूध फाडून चीज किंवा पनीर करताना जे पाणी उरते, त्यातले प्रोटीन वाळवून केलेली पूड. आपल्याकडच्या शिफारशीनुसार सामान्य माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. वजने उचलणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत जावे. त्यापुढे स्नायूंना फारसा फायदा होत नाही. साठ किलोच्या मुलाचे हे ७२ ते ९६ ग्रॅम झाले. दोन मोठे पेले दूध (सोळा ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण (चौदा), सहा पोळ्या (अठरा), मूठभर शेंगदाणे (सात-आठ) आणि तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी (पंधरा), एवढ्यात सत्तरी गाठली जाते. त्यावर वाटीभर दही किंवा थोडे पनीर घेतले, की डब्याची गरज उरत नाही. अडचण ही आहे, की आपली मुले एवढे खात नाहीत. सकाळी चहा-खारी, दुपारी सेव-उसळ, ज्यात उसळ कमी आणि सेव जास्त, आणि चतुर्थीला साबुदाणा, ज्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. खिचडीतल्या शेंगदाण्यांमुळे थोडीफार लाज राखली जाते. ज्याला खरोखर एवढे खाणे जमत नाही, त्याने दिवसाला एक चमचा व्हे घेतला तर त्यात पाप नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असे सांगितले. सर्वसामान्यांसाठी तो सल्ला योग्यच आहे, पण तो देताना ताटात काय वाढायचे हेही आकड्यांनिशी सांगायला हवे. गेनर मात्र घेऊच नये. त्यात बहुतेक साखर आणि पिष्टच असते.

खरा धोका मला डब्याच्या आत दिसतो. २०२४ मध्येच ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के पावडरींवर छापलेला प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला आणि १४ टक्क्यांत बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन सापडले. आकडा फुगवणे सोपे आहे. नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजले जात नाही. नायट्रोजन मोजून त्यावरून हिशेब केला जातो. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले की नायट्रोजन वाढतो, कागदावर प्रोटीन वाढते आणि मुलाच्या पोटात काहीच जास्त जात नाही. काही पावडरींत न सांगितलेली स्टेरॉइड्सही सापडली आहेत. स्पर्धेत उतरणारा मुलगा त्यामुळे उत्तेजक चाचणीत अडकू शकतो. डब्यावरचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) चौदा आकडी परवाना क्रमांक पाहणे, पक्के बिल घेणे, सील तपासणे एवढे आपल्या हातात आहे. जिममध्ये सुट्ट्या पिशवीतून मिळणारी पूड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न व पोषणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथल्या अध्यापकांकडून नवशिक्यांसाठी, घरच्या ताटाच्या हिशेबाने, एक लेखमाला लिहवून घ्यावी. आणि सणासुदीला मावा-फरसाणाचे नमुने घेणाऱ्या महापालिकेच्या अन्न सुरक्षा खात्याने शहरातल्या दुकानांतून आणि जिममधून या डब्यांचेही नमुने घ्यावेत, यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा. तपासणीचे निकाल आले, की कुठला डबा खरा आणि कुठला खोटा निघाला, ते नावानिशी छापावे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदा