बापू, पंधरा माणसं एकदम घेऊ नकोस

पुणे,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बापू,

तुझी मेल ऐन दिवाळीत आली. फोन कर म्हणालास, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे होस्टेलपासूनचं आहे, म्हणून लिहितोय. काल त्रिपुरी पौर्णिमा, घरच्यांना दिवे दाखवायला पाताळेश्वराला नेलं होतं. आज जरा निवांत आहे.

तुझा प्रश्न सरळ आहे. सहा माणसांचं ऑफिस, एका मोठ्या कारखान्याचं काम चालून आलंय, पंधरा माणसं घ्यावी लागतील, घेऊ का? आणि शेवटी हळूच सोडलेला टोमणाही पोचला: 'तुम्ही अकरा वर्षांत तेवीसच कसे?' दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण ते फिरून फिरून येईल. चहा करून घे.

आज पहिला गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते, विजेच्या हिशोबाने वार वाटून दिलेत तेव्हापासूनची. आमचं सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक कारखाने तिथलेच, त्यामुळे त्या दिवशी सपोर्टचा फोन वाजत नाही. नवीन व्हर्जन आम्ही बुधवारी रात्री चढवतो आणि गुरुवारी फोडून बघतो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मात्र सगळे जण फळ्यासमोर जमतात आणि अकाउंट्सच्या बाई त्यावर एकच आकडा लिहितात: आजपासून एक रुपया आला नाही, तर किती महिने पगार निघतील. आज साडेपाच लिहिला. डहाणूकर कॉलनीतल्या त्या गाळ्यात आम्ही तिघे बसायचो, तेव्हा तो आकडा माझ्या एकट्याच्या डोक्यात असायचा. तिथेच सगळं बिघडलं.

२०१८मध्ये आम्ही नऊ जण होतो आणि अगदी तुझ्यासारखंच एक मोठं काम आलं. कंपनीचं नाव नको. मी हुरळलो. सात पोरं घेतली, शेजारचा गाळा भाड्याने घेतला, पेढे वाटले. काम झालं, बिलं गेली आणि पैसे सात महिने अडकले. कधी साहेब टूरवर, कधी पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, दुरुस्ती. आता यातली गोम ऐक. बिल फाडलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. समोरच्याने पैसे दिले का, हे कोणी विचारत नाही. दहा लाखांचं बिल असेल तर एक लाख ऐंशी हजार आधी आपल्या खिशातून. जितकं जास्त काम करू, तितका खड्डा खोल. हिच्या पाटल्या बँकेत गहाण टाकल्या होत्या. तुला तेव्हा बोललो नाही, लाज वाटली.

लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६पासून आहे. पण स्वतःच्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन जाणारा मला अजून भेटायचाय. थोडा फरक २०२४च्या मार्चात पडला. लहान उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, अशी तरतूद आयकरात आली आणि ज्यांना आम्ही फोन करून थकायचो, त्यांचे अकाउंटंट मार्चात आपणहून फोन करू लागले. तुझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, नसेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते कर.

तर, २०१८च्या डिसेंबरात पगार बारा दिवस लांबला आणि मला सगळ्यांना खरं सांगावं लागलं. वाटलं होतं, दोन-चार जण त्याच दिवशी राजीनामे देतील. तसं झालं नाही. उलट अकाउंट्सच्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, घरात डाळ किती उरलीय हे रांधणाऱ्याला माहीत नको का?" मला ते लागलं. आमच्या एका पोराचे काका त्याच कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते. सहीसाठी कागद कोणत्या टेबलावर पडतो, हे त्याने दोन दिवसांत शोधून काढलं. सात महिने मी जे करू शकलो नव्हतो, ते त्याने केलं, कारण त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यापासून आकडा फळ्यावर आला.

याचेही तोटे आहेत. आमचा सगळ्यात जुना प्रोग्रामर म्हणायचा, तुम्ही लोकांना घाबरवता. तो अगदीच चुकीचा नव्हता. एकदा फळ्यावर 'दीड' लागला आणि त्याच आठवड्यात दोन ज्युनियर इंटरव्ह्यूला जाऊन आले.

पण २०२० आलं तेव्हा त्या फळ्याने वाचवलं. त्याच्या आदल्या वर्षीच गाड्यांची विक्री घसरली होती, १ एप्रिलपासून बीएस-६ हा धुराचा नवा नियम लागणार म्हणून कारखाने जुन्या गाड्यांचं उत्पादन आवरत होते, आणि आमची गिऱ्हाइकं आठवड्यातले दोन-दोन दिवस शेड बंद ठेवत होती. त्यामुळे आम्ही आधीच सावध होतो. फळ्यावर चार होता. २२ मार्चला जनता कर्फ्यू, त्याच्या आदल्या दिवशी पोरांनी डेस्कटॉप चादरीत गुंडाळून स्कूटरवरून घरी नेले. एप्रिलमध्ये कपातीचा विषय निघाला. मी सरसकट वीस टक्के म्हणणार होतो. त्या व्हिडिओ कॉलवर पोरांनीच ठरवलं की वरच्या चौघांनी चाळीस, मधल्यांनी पंधरा, आणि पंचवीस हजारांच्या खाली कोणाचंही कापायचं नाही. वरच्या चौघांत मीही होतो, हे वेगळं सांगत नाही. जुना प्रोग्रामर तेव्हा गप्प बसला आणि सहा महिन्यांनी सोडून गेला. अजून बोलत नाही माझ्याशी. ती एक सल आहेच.

आता माणसं घेण्याबद्दल. तुझ्याकडे सहा जुनी, पंधरा नवी. म्हणजे एकेका जुन्याच्या पाठीवर अडीच नवे. शिकवणार कोण? कोड शिकवायला वेळ लागत नाही रे, धंदा शिकवायला लागतो. आमच्या एका हुशार मुलीने जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याकडे कामासाठी पाठवलेल्या मालाच्या, स्क्रीनला 'डिलिव्हरी चलान' नाव दिलं. बरोबरच होतं, कायद्यात तेच आहे. पण भोसरीचा स्टोअरकीपर अर्धा तास तो स्क्रीन शोधत बसला, कारण त्याच्या तोंडी अजून 'सत्तावन्न एफ चार'! एक्साइजचा तो नियम गेला, २०१७च्या १ जुलैला जीएसटी आला, तरी नाव गेलं नाही. तिने तिथेच उभं राहून नाव बदललं. मग त्याच माणसाने तिला सांगितलं, माल पाठवला की वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर पाठवल्या दिवसापासून ती विक्री धरतात आणि व्याजासकट कर बसतो. "कुठला माल अकरा महिने बाहेर आहे, एवढं मला सकाळी उठल्या उठल्या दाखवा, बाकीचं सॉफ्टवेअर तुमच्याकडेच ठेवा." आज आमचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं पान ते आहे. त्यामुळे नवा माणूस आला की पहिले तीन शनिवार एखाद्या जुन्याबरोबर शेडमध्ये जातो. हे एकदम पंधरा जणांना कसं जमवशील? गिऱ्हाईक म्हणेल, वरात आणलीय का.

दुसरी एक सवय गणपतीमुळे लागली. आमचा सर्व्हर सांभाळणारा पोरगा देवगडकडचा. दरवर्षी दहा दिवस गावी, आणि त्याच्या वाडीत फोनला रेंज नाही. पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी बॅकअप बंद पडला आणि पासवर्ड त्याच्या डोक्यात. मी संतापलो होतो, पण चूक त्याची नव्हती. तेव्हापासून वर्षातून एकदा प्रत्येकाने सलग दहा दिवस रजा घ्यायची आणि फोन बंद ठेवायचा. जे अडेल ते लिहून काढायचं, दुसऱ्याला शिकवायचं. मीही घेतो. २०२१-२२मध्ये हिंजवडीतले आयटीवाले दुप्पट पगार देऊन पोरं उचलत होते, आमचेही पाच गेले. काम अडलं नाही, ते यामुळे.

यंदाच्या सप्टेंबरचं सांगतो. जीएसटीचे दर बदलणार हे ३ तारखेला रात्री जाहीर झालं, लागू २२ला, घटस्थापनेच्या दिवशी. १२ आणि २८चे टप्पे गेले, गाड्यांचे सुटे भाग २८वरून १८वर. हातात एकोणीस दिवस. जुन्या दराने गेलेला माल परत आला तर काय, क्रेडिट नोट कोणत्या दराने, शंभर भानगडी. मी तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला. पोरांनी १८ तारखेचा गुरुवार साधला, एका गिऱ्हाइकाच्या बंद शेडमध्ये बसून दिवसभर खोटी बिलं काढून बघितली. २२ला सकाळी मीच न राहवून फोन केला. सपोर्टची मुलगी म्हणाली, "सर, सगळं ठीक आहे, आईंना ड्रॉप वेळेवर घाला." खरं सांगू, आनंद झाला आणि थोडं पोटातही दुखलं. माझ्यावाचून चाललं की!

एआयचं विचारलंयस. वापरतो. कंटाळवाणा कोड पटकन होतो, तपासायला तितकाच वेळ जातो. दोन वर्षांनी काय असेल ते मला कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. सत्तावन्न एफ चार मात्र शेडमध्येच कळतं.

तर तुझं काम. नाही म्हणू नकोस, पण सगळं उचलू नकोस. त्यांना सांग, एका प्लांटपासून सुरू करू. तीस टक्के आगाऊ माग आणि बिलं टप्प्याटप्प्याने फाड, म्हणजे २० तारीख गळ्याशी येणार नाही. ४५ दिवसांची अट करारात लिहून घे. माणसं दोन घे, फार तर तीन. ते याला कबूल झाले नाहीत, तर पैसे देतानाही तसेच वागतील असं धरून चाल. आणि सहाही जणांना बसवून बँकेत किती आहेत ते सांग. वहिनींना माहीत नसेल तर पहिलं त्यांना.

पुढच्या शनिवारी ये. मी भोसरीला जाणारच आहे, तूही चल, स्टोअरकीपरची गाठ घालून देतो. येताना कांदा-लसूण चटणी आण, मागची संपली. फक्त बुधवारी रात्री येऊन टपकू नकोस, रिलीज असतो.

तुझा,
पंत