कॉर्दोबाहून (स्पेन), पहिल्या रात्री

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. पोचले एकदाची. इथे रात्रीचे साडेअकरा म्हणजे तुमच्याकडे पहाटेचे तीन, म्हणून फोन नाही करत, लिहूनच ठेवते, उठल्यावर वाचा.

वरुडहून निघाल्यापासून पाठ टेकलीच नव्हती. त्यात माद्रिदला मोठी बॅग आलीच नाही, पट्टा रिकामा फिरत राहिला आणि मला रडूच फुटलं. आई, मेतकूट आणि जवसाची चटणी त्यातच आहे गं. दोन दिवसांत घरपोच देतो म्हणालेत. मग आतोचा स्टेशनवरून ट्रेन, पावणेदोन तासांत कॉर्दोबा, शेवटी शेवटी खिडकीतून नुसती ऑलिव्हची झाडं, रांगाच रांगा, आपल्या संत्र्याच्या बागेसारख्या पण संपतच नाहीत.

रूमवर अंघोळ केली, झोपले, आठ वाजता उठले तर बाहेर लख्ख ऊन! इथे जूनमध्ये पावणेदहापर्यंत सूर्य मावळत नाही. गरम म्हणाल तर आपल्याकडच्या मेसारखं, भिंतीपण तापलेल्या.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथे रस्त्याच्या कडेला सगळीकडे संत्र्याची झाडं आहेत, शोभेला! पण आपलं संत्र नाही, आंबट नारिंग. फळं अजून हिरवी, बारकी. एक पान तोडून बघितलं, देठाला दोन्हीकडून चांगला रुंद पंख, काटे आहेत, आणि चुरगाळल्यावर तो वास आला ना, डोळे मिटले तर मी आपल्या विहिरीजवळच उभी. इथे त्याला नारांखा म्हणतात, म्हणजे आपलं नारिंगच की, फारसी आणि अरबीतून फिरत फिरत इथवर आलेलं. जुन्या मशिदीच्या अंगणाचं नावच नारिंगांचं अंगण आहे. ७८५ साली बांधायला घेतलेली मशीद, १२३६ नंतर चर्च झाली, आत ८५६ खांब आहेत, पण ते उद्या, आज दार बंद झालं होतं.

मग नदीवर गेले. ग्वादालकिवीर, अरबीत मोठी नदी. रोमन काळातला पूल आहे, सोळा कमानींचा, फक्त चालणाऱ्यांसाठी. आणि काठाला काय दिसलं माहितीये, भला मोठा लाकडी रहाट! नदीचं पाणी वर राजवाड्याकडे चढवायचा, आताचा नवीन करून बसवलाय, फिरत नाही. आजोबा असते तर तिथून हललेच नसते. मीपण बराच वेळ उभी होते, पाय दुखत होते तरी.

आई, जेवले मी पोटभर, काळजी करू नको. नऊच्या आधी कुणी जेवायला बसतच नाही इथे. वांग्याचे काप मागवले, पिठात घोळवून तळलेले, गरमागरम, आणि वरून चक्क काकवी! उसाचीच, काळी, दाट. कडेने कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं मऊ, तू नक्की करून बघ, वांगी जरा जाड चीर. आणि टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्हचं तेल वाटून थंडगार सूपसारखं असतं ते साल्मोरेखो, त्यावर हॅम घालतात, मी सिन हामोन, सिन हामोन, म्हणजे हॅम नको, असं तीनदा सांगितलं, तेवढंच येतंय अजून.

सोमवारी युनिव्हर्सिटीत जायचंय. बाबा, मृगाचा पाऊस झाला का? बागेचं पाणी तोडून ताण दिला होतात, तो पाणी देऊन तोडला की अजून थांबलात? फुटवा दिसला की फोटो पाठवा, जवळून काढा, कळ्या दिसायला पाहिजेत.

तुमची,
चिऊ