तारीख चुकलेल्या मुलाला फोन कोण करणार?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या मुलीला चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा, एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). आज ती शाळेत जाते, धाकट्याशी कडाकडा भांडते. त्यामुळे हे गाऱ्हाणं नाही, पण मागणी आहे.

1948 साली अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांच्या औषधाने रक्ताचा कर्करोग झालेल्या सोळांपैकी दहा मुलं सुधारली, तीही काही महिन्यांपुरती. आता सोयी असलेल्या देशांत दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात, आणि औषधं बरीचशी जुनीच आहेत. मग बाकीच्या जगात मुलं का जातात? कुठे निदानच उशिरा होतं, कुठे जंतुसंसर्ग गाठतो. आणि कितीतरी ठिकाणी उपचार अर्ध्यावर सुटतात.

ते का सुटतात, हे मला वॉर्डात कळलं. उपचार दोन-अडीच वर्षांचे. पहिले महिने सलाइन, पाठीतली इंजेक्शनं, प्लेटलेट्ससाठी रक्तदाते शोधणं. प्लेटलेट्स पाचेक दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. मग मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून घरी गोळ्या घ्यायचा लांबलचक टप्पा लागतो, केस परत येतात, मूल खेळू लागतं. नेमकं तेव्हाच घरातल्यांना वाटतं, झालं की बरं! तोवर बापाची नोकरी गेलेली असते आणि पुढची तारीख तोंडावर असते.

या टप्प्यात घरी मर्कॅप्टोप्युरिन या कर्करोगाच्या औषधाची 50 मिलिग्रॅमची गोळी हातमोजे घालून तोडायची. सोमवार ते शुक्रवार अर्धी, शनिवार-रविवार पाऊण. पाऊण तुकडा एकदाही नीट पडला नाही, चुरा व्हायचा. तो टाकायचा की द्यायचा, या विचारात मी रात्री अकराला उभा असायचो. हे औषध पातळ स्वरूपात निघालेलं आहे, पण आमच्या हातात गोळीच पडली.

तेव्हा तीनच गोष्टी करा. हे औषध मुलांसाठी पातळ स्वरूपात सरकारी खरेदीच्या यादीत आणा. रुग्णालयाजवळ राहायची सोय आणि प्रवासाचा पास द्या. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) उतरलेल्या मुलाला ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं, लांबच्या गावाहून ते कसं जमणार? आणि तारीख चुकली की त्याच दिवशी घरी फोन करणारा एक माणूस प्रत्येक केंद्रात नेमा. यंत्रापेक्षा हा माणूस स्वस्त पडेल, पण उद्घाटनाला फीत कापता येणार नाही, एवढंच.

आमच्या शेजारच्या खाटेवरचा मुलगा मेंटेनन्सच्या पाचव्या महिन्यानंतर आला नाही. मुलगी दोन-तीनदा विचारत होती. त्याच्या घरी कोणी फोन केला होता का, हे मी सिस्टरना विचारलं. त्यांनी फाइल उघडली, नंबर होता.

आपला,
एका मुलीचा बाप